घरच्या घरी क्रम्ब फ्राय मासा: चोणक, शिळे उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि लिंबू-बटर सॉस

पहिल्यांदा केला तेव्हा पॅनमध्ये मासा एकीकडे आणि आवरण दुसरीकडे. उलटायला उलथनं घातलं, तर वरचा अख्खा पापुद्रा अंगातून बनियन काढावं तसा सुटून आला. आत पांढराफटक, उकडल्यासारखा बासा. बाहेर पाहुणे बसलेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "रवा लावला असतास तर?"

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात तळलेला मासा म्हणजे रव्यातला. मीठ, हळद, तिखट, आगळ (कोकमाचा घट्ट रस) किंवा चिंचेचा कोळ लावून तुकडी थोडा वेळ मुरत ठेवायची, रव्यात घोळवायची आणि तव्यावर सोडायची. तिथे ओला मसालाच रव्याला धरून ठेवतो. मी तीच सवय क्रम्ब फ्रायला, म्हणजे पावाचा चुरा लावून तळण्याला, लावत होते आणि तिथेच फसत होते. क्रम्बच्या आत पाणी राहिलं की तेलात त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि आवरणाला आतून ढकलते. हे डोक्यात शिरायला मला तीन-चार रविवार लागले. म्हणून खालच्या लेखात निम्म्या गोष्टी माशातलं पाणी कुठे आणि कसं कमी करायचं याच्याच आहेत. मसाल्याबद्दल फार काही नाही. आत साधा, रसदार, जवळजवळ फिका मासा, बाहेर कुरकुरीत आवरण आणि बाजूला आंबट सॉस, एवढाच हा पदार्थ आहे.

मासा कुठला घ्यायचा

माझी पहिली पसंती चोणक. मुंबई-रायगडकडे याला जिताडा म्हणतात. मांस पांढरं, जाड पाकळ्यांचं, वास सौम्य, आणि मधला काटा काढला की बारीक काट्यांचा त्रास फारसा उरत नाही. शिवाय चोणक खाडीत आणि नदीतही राहतो, त्यामुळे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात तेव्हासुद्धा तो अधूनमधून मिळतो. तामसो (रेड स्नॅपर) हाही उत्तम. इसवण, म्हणजे सुरमई, चालते, पण ती थोडी जास्त शिजली तरी कोरडी पडते, त्यामुळे तिला तेलात अर्धा मिनिट कमी द्यायचा. मुडदुशी सोलून, काटा काढून केली तर फार नाजूक लागते, पण चार माणसांसाठी एवढ्या मुडदुश्या साफ करत बसायला वेळ असेल तरच त्या वाटेला जा. बांगडा आणि तारले नकोत. त्यांचं तेल आणि वास क्रम्बच्या आत कोंडून राहतो. ते रेचादात, म्हणजे लाल आंबट-तिखट मसाल्यातच शोभतात.

बासा वाईट नाही, स्वस्त आहे, बिनकाट्याचा आहे, मुलं खातात. पण गोठवलेल्या बाश्यात पाणी फार असतं. तोच घ्यायचा असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून, चाळणीखाली भांडं ठेवून वितळू द्या. सकाळी भांड्यात साठलेलं पाणी बघितलंत की माझं आवरण का सुटलं ते कळेल. नळाखाली धरून घाईघाईने वितळवलेला बासा या पदार्थाला चालत नाही.

शक्यतो अख्खा मासा निवडून समोर कापून घ्यावा. तयार फिलेला डोळे नसतात, कल्ले नसतात. त्याची परीक्षा करणार कशी? २०१८च्या जुलैत फॉर्मेलिनच्या बातम्यांनंतर गोवा सरकारने परराज्यातून येणारी मासळी काही दिवस बंद केली होती. तेव्हापासून आमच्या घरी अनोळखी ठिकाणचे कापलेले तुकडे येत नाहीत. म्हापशाच्या मार्केटात माझी ठरलेली बाई आहे. "बाय, ताजें नुस्तें पळय" (ताजी मासळी बघ), असं ती सगळ्यांनाच म्हणते, त्यामुळे बघायचं आपण. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, पोट घट्ट. पाठीवर बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा किंवा नदीचा असावा, 'माशाचा' वास आला तर पुढच्या टोपलीकडे जायचं.

चार जणांना साधारण ५०० ते ६०० ग्रॅम बिनकाट्याचं मांस लागतं. अख्ख्या माशाच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपासच फिले निघतं, म्हणून सव्वा ते दीड किलोचा चोणक घ्या. कापणाऱ्याला आधीच सांगा: दोन्ही बाजूंची फिले, कातडी काढून, आणि डोकं व मधला काटा पिशवीत वेगळा. हे सांगायचं विसरलात तर तो सवयीने गोल तुकड्या पाडून मोकळा होतो. मग आदोळीवर (विळीवर) घरी झगडत बसावं लागतं, आणि ते बघवत नाही. डोकं हुमणात, म्हणजे नारळाच्या रसातल्या माशाच्या आमटीत, जाईल. काटा आपल्याला सॉससाठी हवा आहे.

क्रम्ब: पोदेर आला की दोन उंडे जास्त घ्या

दुकानातल्या पाकिटातला नारिंगी भुगा मी आता आणत नाही. तो इतका बारीक असतो की आवरण कुरकुरीत न होता खरखरीत होतं. आपल्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या या पावाचा या पदार्थात उपयोग करायचा नाही तर कशात? 'पोदेर' हा शब्दही पोर्तुगीज 'पादेयरू'वरून आला. पटाटो चॉप (खिमा भरलेली बटाट्याची टिक्की) आणि रिसॉइस (कोळंबी भरलेल्या करंज्या) यांना इथल्या ख्रिश्चन घरांत पावाचा चुरा लावतात, तेव्हा आपण काही नवा शोध लावत नाही आहोत.

दोन दिवसांचे चार उंडे किंवा सहा साधे पाव पुरतात. उंड्याची जाड साल बाजूला काढा, ती तांबूस असते आणि तेलात आधी करपते. आतला मऊ भाग हाताने तोडून ताटात पसरा. उन्हाळ्यात दोन तासांचं ऊन पुरतं. पावसाळ्यात ते विसरा, हवेतच एवढी ओल असते की पाव वाळण्याऐवजी बुरसतो. तेव्हा ओव्हन १२० अंशांवर १५ मिनिटं, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहायचं. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त कोरडं करायचं.

मिक्सर एका दमात फिरवू नका. दोन-दोन सेकंदांचे चार-पाच झटके द्या. चुरा जाड रव्याएवढा, काही कण साबुदाण्याच्या जवळ जाणारे, असा हवा. मोठ्या कणांच्या टोकांना कुरकुरीतपणा येतो. पोळीचा, म्हणजे कोंडा लावलेल्या गोव्याच्या पावाचा, चुरा यात कडवट लागतो. काकणांचा (बांगडीसारख्या कडक पावाचा) चुरा मी एकदा करून बघितला. तो मुळातच भाजलेला असल्यामुळे मासा शिजायच्या आत गडद झाला.

दीड वाटी चुरा बाजूला काढा, उरलेला डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चालतो.

मासा कोरडा करणे

फिलेवरून बोट उलट्या दिशेने, म्हणजे शेपटीकडून डोक्याकडे फिरवा. काटा टोचला की चिमट्याने, तो ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूला ओढून काढा. सरळ वर ओढला तर मांस फाटतं.

आता तुकडे करा, तळहाताच्या निम्म्या आकाराचे, दीड सेंटिमीटर जाड. पोटाकडचा पातळ भाग वेगळा कापून घ्या, तो लवकर शिजतो. सगळे तुकडे सारख्या जाडीचे असतील तरच एकत्र तळता येतात.

मासा धुवायचा तो अख्खा असताना किंवा फिले काढल्या-काढल्या, तुकडे केल्यावर नाही. ५०० ग्रॅमला सपाट एक छोटा चमचा बारीक मीठ, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, दोन्ही बाजूंना भुरभुरा आणि तुकडे चाळणीत किंवा तिरक्या ताटात १५ मिनिटं ठेवा. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमायला लागतात. हेच पाणी तेलात आवरण उडवणार होतं. जुन्या स्वच्छ सुती कापडाने, धुतलेला मऊ पंचा असेल तर उत्तमच, प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी दाबून टिपा. घासू नका, पाकळ्या सुटतात. टिपून झाल्यावर तुकड्यावर बोट ठेवलं तर ते किंचित चिकटायला हवं, घसरायला नको.

लिंबू आत्ता पिळायचं नाही. सगळ्यात जास्त वाद आमच्याकडे याच गोष्टीवरून होतो, कारण लिंबाशिवाय मासा ही कल्पनाच आईला सहन होत नाही. पण आंबट लागलं की मांस वरून पांढरं पडतं आणि पाणी सोडतं. आत्ताच टिपलेलं सगळं परत येतं. आंबटपणा सॉसमध्ये आहे, भरपूर आहे. हळदीचा हट्ट असेल तर चिमूटभर मैद्यात घाला, कोणाला कळतही नाही.

तीन ताटल्या

पहिल्या ताटलीत अर्धी वाटी मैदा, त्यात अर्धा छोटा चमचा ताजी कुटलेली मिरी आणि चिमूटभर मीठ. दुसऱ्या खोलगट ताटलीत दोन अंडी, एक छोटा चमचा पाणी घालून काट्याने फेटलेली. नुसतं ढवळून भागत नाही, पांढऱ्याच्या तारा राहिल्या तर त्या जागी क्रम्बचा गोळा होतो. तिसऱ्या ताटलीत क्रम्ब. तिन्ही डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा, शेवटी एक मोकळं ताट.

मैदा उरलासुरला ओलावा शोषतो आणि अंड्याला धरायला कोरडी जागा देतो. अंडं तेलात पडल्यावर घट्ट होतं आणि मैदा व क्रम्ब दोन्हींना डिंकासारखं पकडतं. पण मैद्याचा थर जाड झाला तर त्याच्या मधोमध कोरडी पीठच राहते. अंडं तिला धरतं, ती माशाला धरत नाही, आणि पुन्हा बनियन. म्हणून मैद्यातून काढलेला तुकडा दोनदा झटका. पावडर लावल्यासारखा दिसला की बस.

डावा हात कोरड्याचा, उजवा ओल्याचा. डाव्याने मैद्यात घोळवून अंड्यात टाका. उजव्याने अंड्यात उलटा, वर धरून थेंब निथळू द्या, क्रम्बवर ठेवा. पुन्हा डाव्याने बाजूचा चुरा वर लोटा, तळव्याने हलकेच दाबा, उलटा, पुन्हा दाबा. दोन्ही हात सगळीकडे घातलेत तर चौथ्या तुकड्यापर्यंत बोटांनाच क्रम्बचं आवरण चढतं आणि ते तुमच्याकडून फार सुंदर चिकटून राहतं.

लावलेले तुकडे एकमेकांना न चिकटवता ताटात ठेवा आणि ताट न झाकता २० मिनिटं फ्रीजमध्ये. ही पायरी गाळू नका. या वेळात अंडं मैद्यात आणि क्रम्बमध्ये भिनतं आणि थर एकसंध होतो. पाहुणे संध्याकाळी असतील तर तीन-चार तास आधी करून ठेवलं तरी चालतं.

काट्याचं पाणी आणि सॉसचा पाया

फ्रीजच्या त्या २० मिनिटांत सॉसचा पाया होतो. चोणकाचा मधला काटा दोन-तीन तुकडे करून धुवा, त्यावर चिकटलेलं रक्त काढा. भांड्यात काटा, अर्धा कांदा चिरून, ४-५ मिरी आणि दोन वाट्या पाणी. उकळी आली की वरचा फेस काढून मंद आचेवर २० मिनिटं. त्याहून जास्त नाही, माशाचे काटे फार उकळले तर कडवटपणा उतरतो. गाळून घ्या. एवढ्यातलं आपल्याला चार मोठे चमचे लागेल. उरलेलं हुमणात घाला, त्या दिवशीच्या हुमणाची चव वेगळीच असते.

एका छोट्या पॅनमध्ये ६० ग्रॅम बटरपैकी छोटा चमचाभर वितळवा, चार पाकळ्या लसूण अगदी बारीक चिरून घाला. मंद आच, अर्धा-पाऊण मिनिट, वास सुटला पाहिजे पण रंग बदलता कामा नये. त्यात चार मोठे चमचे काट्याचं पाणी आणि दीड मोठा चमचा लिंबाचा रस. मिश्रण निम्मं होईपर्यंत आटवा आणि गॅस बंद. उरलेलं बटर बारीक तुकडे करून फ्रीजमध्येच राहू द्या. सॉस मासा तळून झाल्यावर पुरा करायचा आहे.

लिंबाऐवजी माडाच्या सुरेचं व्हिनेगर घालायचं असेल तर एक मोठा चमचा आणि चिमूटभर साखर. त्याची चव लिंबापेक्षा गोलसर असते, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते. आगळ मात्र इथे घालू नका, सॉस गुलाबी-तपकिरी होतो आणि चव दिसेल तशीच लागते.

तळणे

जाड बुडाचा पसरट पॅन घ्या. त्यात तेल सेंटिमीटरभर, म्हणजे तुकड्याच्या निम्म्याहून थोडं वर येईल इतकं. शेंगदाण्याचं किंवा राइस ब्रानचं रिफाइंड तेल बरं. खोबरेल तेल आमच्या रोजच्या तळणीत चालतं, पण घाण्याचं खोबरेल या तापमानाला धुरकट होऊ लागतं.

तापमापक असेल तर १७५ अंश सेल्सिअस. नसेल तर क्रम्बचा एक मोठा कण टाका. तळाशी जाऊन गप्प बसला तर तेल थंड आहे. लगेच फेसाळून अर्ध्या मिनिटात सोनेरी झाला तर बरोबर. पडताच काळपटला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. थंड तेलात क्रम्ब तेल पितो, फार गरम तेलात बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो.

तुकडे फ्रीजमधून काढून थेट तेलात, स्वतःपासून लांबच्या बाजूला पाडत. एका वेळी तीन, फार तर चार. जास्त घातलेत तर तेल गार पडतं, तुकड्यांची वाफ एकमेकांवर येते आणि पॅन म्हणजे मोदकपात्र होतं. झाकण अर्थातच नाही. पहिली बाजू अडीच ते तीन मिनिटं, आणि तोवर हलवायचं नाही. हात फार शिवशिवतो, पण खालचा थर घट्ट झाल्याशिवाय उलथनं लावलं की तो फाटतो. कडा सोनेरी दिसू लागल्या आणि पॅन हलवल्यावर तुकडा आपोआप सरकला की एकदाच उलटा. दुसरी बाजू दोन मिनिटं.

झालाय की नाही बघायला एका जाड तुकड्यात सुरीचं टोक घाला. मांस अपारदर्शक पांढरं आणि पाकळ्या सुटणारी असावी. तापमापकावर मधोमध ६३ अंश आलं की शिजला.

तळलेला तुकडा कागदावर ठेवण्याची आपली पद्धत इथे घात करते. खालच्या बाजूची वाफ कागदात अडते आणि तीन मिनिटांत तो पापड मऊ पडतो. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर पिठाची चाळण पालथी घाला. दोन घाण्यांच्या मध्ये तेलातले सुटे कण बारीक झाऱ्याने काढा, नाहीतर पुढच्या तुकड्यांवर काळे ठिपके येतात.

एअर फ्रायरवाल्यांसाठी: क्रम्ब आधी एक मोठा चमचा तेलात तव्यावर हलके सोनेरी परतून घ्या, मग लावा. २०० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चांगला होतो. तळलेल्यासारखा होतो असं मी म्हणणार नाही.

सॉस पुरा करणे

शेवटचा घाणा जाळीवर आला की लसणाचा पाया पुन्हा गरम करा, फक्त गरम, आणि गॅस बंद करा. थंड बटरचे दोन-दोन तुकडे टाकत व्हिस्कने किंवा काट्याने सतत फेटा. विरघळले की पुढचे दोन. सॉस दाटसर, मळकट पिवळा होतो, चमच्याच्या पाठीवर थर राहतो. बटर वितळून वर तुपासारखं तरंगायला लागलं तर उष्णता जास्त झाली. अशा वेळी चमचाभर गार पाणी घालून जोरात फेटा, बहुतेकदा सावरतो. शेवटी बारीक चिरलेली कोथिंबीर आणि मिरी. खारं बटर असेल तर चाखल्याशिवाय मीठ नको. एकदा तयार झाला की उकळू देऊ नका, गरम पाण्याच्या भांड्यावर दहा मिनिटं तग धरतो.

घाई असेल किंवा मुलं असतील तर थंड सॉस. अर्धी वाटी टांगलेलं दही, दोन मोठे चमचे तयार मेयोनेज, बारीक कांदा, अर्धी हिरवी मिरची आणि खारातली दोन-तीन बिंबलां (बिलिंबीची आंबट फळं) बारीक चिरून. टार्टर सॉसमध्ये केपर आणि काकडीचं लोणचं जे काम करतात तेच बिंबल करतं, आणि ते परसात झाडालाच लागलेलं असतं. बिंबलात मीठ मुरलेलं असतं, वेगळं घालू नका.

वाढताना सॉस ताटलीत खाली पसरा आणि तुकडा त्यावर ठेवा, किंवा वाटीत बाजूला द्या. वरून ओतायचा नाही. एवढा वेळ पाण्याशी भांडून शेवटी स्वतःच पाणी ओतायचं, याला काय अर्थ आहे? सोबत उकडलेला बटाटा, कच्चा कांदा-टोमॅटो आणि गरम पाव.

उरलेले तुकडे मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं गरम करा. कातरो पावात बिंबलाचा सॉस, कांद्याच्या चकत्या आणि त्यात हा तुकडा घातला की ऑफिसच्या डब्याची सोय झाली.

आई मात्र अजून ताटात शीत (भात) घेते, त्यावर तुकडा ठेवते आणि वरून चोणकाच्या डोक्याचं हुमण ओतते. मी आता काही बोलत नाही. दोन घासांत क्रम्ब मऊ पडतात आणि मग ती माझ्याकडे बघून म्हणते, "रवा असता तर टिकला असता."